मजल्याला दोन हात

सफाईच्या कंत्राटाचा भाव काढायचा म्हणजे माणसं मोजायची. फिनेल, कचऱ्याच्या पिशव्या, गणवेश, मशीनची झीज हे सगळं मिळून शंभरातले वीस. उरलेले ऐंशी पगाराचे. त्यामुळे ज्याला भाव पाडायचा असतो तो फिनेल कमी करत नाही, माणसं कमी करतो, हे या धंद्यात कुणालाही कळतं. मी वीस वर्षं या धंद्यात आहे. जे केलं ते समजून उमजून केलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे उगीच कुणी माझी बाजू घ्यायला नको.

धंदा माझ्या नावावर असला तरी तो उभा राहिला माझ्या थोरल्या बहिणीच्या गुडघ्यांवर. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ताई सतरा. ती सकाळी एका ऑफिसात आणि संध्याकाळी दुसऱ्या ऑफिसात फरशी पुसायची, आणि मधल्या वेळात माझी शाळा, माझी भूक, माझी नाटकं. मोठा झाल्यावर मी एका दवाखान्याच्या सफाईचं काम मिळवलं तेव्हा मालक मी आणि कामगार ताई, एवढीच कंपनी होती. आता माझ्याकडे दोन शाळा, तीन दवाखाने आणि एक वाचनालय आहे. ताईकडे दोन सुजलेले गुडघे आहेत. डॉक्टरांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं, की आता वाकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, जिने चढायचे नाहीत. तेवढं सोडून काय वाटेल ते करा. फरशी पुसणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे माशाला पाण्यापासून जपायला सांगण्यासारखं झालं.

मी तिला तीन वर्षं एकच गाजर दाखवत होतो. "एक मोठी इमारत मिळू दे ताई, तुला मुकादम करतो." मुकादम म्हणजे तळमजल्यावर टेबल-खुर्ची, हजेरी घ्यायची, किल्ल्या द्यायच्या, कामावर नजर ठेवायची. वाकायचं नाही. छोट्या कामांत मुकादमाचा पगार निघत नाही, आणि ताईला फुकटचं बसून खायला आवडायचं नाही. त्यामुळे ती वाट बघत होती. कुणी विचारलं की सांगायची, "छोट्या मला मुकादम करणार आहे." छोट्या म्हणजे मी. माझं पोट सुटलंय, डोक्यावर मोजून चार केस राहिलेत, पण तिच्या तोंडी मी अजून छोट्याच.

मग ती इमारत आली. बारा मजले, सगळीकडे काच, आत सगळी ऑफिसं. तीन वर्षांचं कंत्राट. सफाई सकाळी सहा ते नऊ, कारण नऊनंतर साहेब लोक येतात आणि त्यांना झाडू दिसला की त्यांचं कामात लक्ष लागत नाही.

पाहणीला इतर कंत्राटदार मोजपट्ट्या आणि कॅल्क्युलेटर घेऊन आले. मी ताईला घेऊन गेलो. तिला इमारत कळते. तिने लिफ्टच्या दारातली खाच नखाने उकरून बघितली, संडासातल्या नळाभोवतीचा पांढरा थर बघून पाणी जड आहे हे सांगितलं, फरशीवर थुंकी लावून बोट घासलं आणि म्हणाली, "हिच्यावर कुणीतरी मेण चढवलंय. नुसत्या साबणाने चिकट होईल." इमारतीचा व्यवस्थापक, इस्त्रीच्या घडीसारखा सरळ माणूस, तिच्याकडे बघत राहिला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, अभिमानच वाटला.

"किती हात?" मी डायरी काढून विचारलं.

"मजल्याला दोन. एक साबणाचा, एक साध्या पाण्याचा. तिसरा मारायचा नाही, मेण जाईल."

आता इथेच सगळी गंमत आहे, म्हणून नीट सांगतो. रंगारी जसे भिंतीला रंगाचे दोन हात देतात, तसा आमच्यात फरशीवरून एकदा मॉप फिरवला की तो एक हात. ताई आयुष्यभर असंच मोजत आली. ती सांगणार हात, आणि त्या हातांवरून बाया किती लागतील हे मी काढणार. एवढ्या मोठ्या मजल्याला दोन हात, शिवाय कचरापेट्या, काचा आणि चार संडास, हे तीन तासांत व्हायचं म्हणजे मजल्याला तीन बाया. बारा मजल्यांना छत्तीस. हा हिशेब माझ्या डोक्यात होता. डायरीत मी फक्त लिहिलं, 'दोन हात'.

घरी आल्यावर डायरी बायकोकडे दिली. कागदपत्रं तीच टाईप करते. ती शिंप्याची मुलगी, तिला कापडातलं सगळं कळतं आणि फरशीतलं काही नाही. इमारतीकडून आलेल्या अर्जात एक रकाना होता, 'प्रत्येक मजल्यासाठी लागणारे हात'. कुण्या कारकुनाला माणसं हा शब्द सुचला नसेल. बायकोने डायरी बघितली, रकाना बघितला, दोन लिहिलं, आणि मशीनने बारा दुणे चोवीस करून पगार काढला.

सकाळी चहा पिताना मी एकूण आकडा बघितला आणि मला ठसकाच लागला. मी धरला होता त्यापेक्षा चांगला एक चतुर्थांश कमी. चूक कुठे आहे हे शोधायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही.

"काय झालं? चुकलं का काही?" बायकोने विचारलं.

मी आकड्याकडे बघत बसलो. खरा भाव भरला असता तर काम मिळालं नसतं, हे मला पाहणीच्या दिवशीच कळलं होतं. दुसरे कंत्राटदार काय भरणार याचा वास येतो. या चुकीच्या भावात मात्र काम मिळणारच होतं. शिवाय तो आकडा मी पाडला नव्हता. बायकोने टाईप केला होता आणि ताईने सांगितला होता. माझे हात कसे अगदी धुतल्यासारखे.

"नाही, बरोबर आहे," मी म्हणालो. त्या कागदात शेवटून दुसऱ्या ओळीत मुकादमाचा एक पगार होता. तो बघून मी मनाची समजूतही घातली, की हे सगळं ताईसाठीच चाललंय.

आठवड्याने बोलावणं आलं. मी ताईला बरोबर यायला सांगितलं. ती तिची चांगली साडी नेसून आली, निळी, आणि केस चापून बसवलेले. मुकादम म्हणून साहेबांना आधीच भेटलेलं बरं, असं तिचं म्हणणं. मोठ्या टेबलाभोवती व्यवस्थापक, त्यांचा हिशेबनीस आणि ऑफिसवाल्यांचे दोन प्रतिनिधी बसले होते.

"तुमचा भाव सगळ्यांत कमी आहे," व्यवस्थापक म्हणाला. "पण मजल्याला दोनच? बाकीच्यांनी तीन-तीन, चार-चार दाखवलेत."

मला उत्तर तयार ठेवायला हवं होतं. मी ते घरून बरोबरच आणलं होतं.

"मोजमाप आमच्या ताईंनी केलंय," मी म्हणालो. "त्यांना विचारा ना. चाळीस वर्षांचा अनुभव आहे."

व्यवस्थापक तिच्याकडे वळला. "बाई, एका मजल्याला दोन हात पुरतील?"

एवढ्या मोठ्या टेबलावर तिला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. तिने पाठ ताठ केली, पदर सारखा केला.

"भरपूर झाले साहेब," ती म्हणाली. "दोन हात नीट बसले तर तिसऱ्याची गरजच नाही. उलट तिसरा लावला तर नुकसान तुमचंच."

टेबलावरचे सगळे हसले. त्यांना वाटलं बाई विनोदी आहे. हिशेबनीसाने तिचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. मी तिच्याशेजारी बसून मान डोलावत होतो. त्या वेळी तोंड उघडलं असतं तर अजून सगळं सावरता आलं असतं, पण मी मूग गिळून बसलो.

"छान," व्यवस्थापक म्हणाला. "मग एकदा करून दाखवा. उद्या सकाळी चौथा मजला. दोघी जणी, सहा ते नऊ. मी घड्याळ लावतो."

दोघी जणी म्हटल्यावर ताईने माझ्याकडे बघितलं. लिफ्टचं दार बंद झाल्यावर बोलली.

"दोन हात म्हणजे त्यांनी दोन बाया धरल्यात?"

"धरलं गेलंय तसं."

"अरे मग सांग की त्यांना! चल वर, आत्ताच्या आत्ता सांगू. माणूस चुकतो, त्यात काय एवढं?"

"सांगितलं तर काम जाईल ताई. काम गेलं की मुकादमकी गेली." मी फास आणखी घट्ट आवळला. "आणि सांगणार काय? चार माणसांसमोर तूच बोललीस. त्यांनी लिहून घेतलंय. आता फिरलीस तर म्हणतील, बाईला मोजताच येत नाही."

लिफ्ट तळमजल्यावर पोचेपर्यंत ती स्वतःच्या पावलांकडे बघत होती. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "एकच दिवस ना? एक दिवस काढते मी. मग मुकादम झाल्यावर बघू, बायांना सांभाळून घेता येईल." तिचा खरोखर विश्वास होता, की खुर्चीवर बसली की तिला चोवीस जणींकडून छत्तीस जणींचं काम हसत-खेळत करून घेता येईल.

दुसऱ्या दिवशी ताई आणि लांबडी. लांबडी म्हणजे आमच्याकडची सगळ्यांत चपळ बाई, वाचनालयाचं काम एकटी उरकणारी. व्यवस्थापक लिफ्टपाशी खुर्ची टाकून बसला, मांडीवर घड्याळ. मी त्याच्यामागे उभा.

ताई गुडघ्यांना पट्टे बांधून आली होती. पहिला तास ती सुंदर काम करत होती. तिच्या हातात मॉप असला की तो ओढावा लागत नाही, आपण होऊन चालतो. दुसऱ्या तासात ती टेबलांखाली गेली. तिथे वाकल्याशिवाय इलाजच नव्हता. एकदा ती आत गेली ती बराच वेळ बाहेर येईना. लांबडी धावली तेव्हा आतून आवाज आला, "तू तुझं कर. वेळ घालवू नको." मग टेबलाच्या पायाला धरून धरून ती उठली. तोंड पांढरंफटक पडलं होतं. संडास तिने स्वतःकडे घेतले, कारण लांबडी पाण्याचा हात घाईत उरकते आणि फरशीवर ओघळ राहतात. ओघळ राहिलेले तिला चालत नाहीत. त्या दिवशी, तशा अवस्थेतही, तिने दोन्ही हात पूर्ण दिले. एक टाळला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

आठ वाजून पन्नास मिनिटांनी मजला झाला. व्यवस्थापकाने कोपऱ्यात जाऊन पांढरा रुमाल घासला. रुमाल पांढराच राहिला.

"दोन तास पन्नास मिनिटं!" तो म्हणाला. "वा! दहा मिनिटं राखून."

लांबडीने हातमोजे काढले, बादलीत टाकले आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "शेठ, हे रोज करायचं असेल तर मी नाही. आणि बहिणीला घरी न्या, मरेल ती." पुढच्या सोमवारी तिने दुसरीकडे काम धरलं. हुशार बाई.

ताई जिन्याच्या पायरीवर बसली. व्यवस्थापक मला त्याच्या खोलीत घेऊन गेला. कागद पुढे ठेवला, पेन उघडलं आणि शेवटून दुसऱ्या ओळीवर टेकवलं.

"हे मुकादम म्हणजे काय?"

"देखरेख. आमच्या ताईच."

"अहो, जी बाई असं काम करते तिला खुर्चीवर बसवता? वाया घालवताय तुम्ही. देखरेख मी करीन, माझं घड्याळ करील. ही ओळ काढा. आणि या बाई चोवीसांत हव्यात. तसं करारात लिहा. बाकीच्यांना समोर नमुना राहील."

मी म्हणू शकत होतो, की तिचे गुडघे गेलेत. म्हणू शकत होतो, की ती माझी बहीण आहे, मोठी, आणि मी तिला शब्द दिलाय. पण गुडघे गेलेत म्हटलं असतं तर ती दोन तास पन्नास मिनिटं खोटी पडली असती. रोज असं कुणी करू शकत नाही, हे कबूल केल्यासारखंच झालं असतं. शिवाय ती ओळ निघाल्याने माझा नफा कमी होत नव्हता. मी पेन घेतलं, पट्टी मागितली, आणि ओळीवर सरळ रेघ मारली. पट्टी कशाला मागितली कोण जाणे. कागद नीटनेटका दिसावा असं वाटलं असेल.

बाहेर आलो तेव्हा ताईने पट्टे सोडले होते. गुडघ्यांवर चामडीत त्यांचे वळ उमटले होते.

"मिळालं?" तिने विचारलं.

"मिळालं."

तिचा जीव भांड्यात पडला. "बाई गं! मग मी कधीपासून बसायचं?"

"ताई, थोडे दिवस तुला कामात उतरावं लागेल. चोवीसांत. साहेबांचाच आग्रह आहे, तुझं काम आवडलंय त्यांना."

"थोडे म्हणजे किती?"

"बघू."

कंत्राट तीन वर्षांचं आहे हे तिला माहीत होतं. तिने पट्ट्यांची गुंडाळी केली, पिशवीत टाकली आणि कठड्याला धरून उभी राहिली. मला ओरडली असती, एक मुस्कटात मारली असती तरी चाललं असतं. लहानपणी मारायची. पण ती फक्त म्हणाली, "बरं." आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत उतरायला लागली. लिफ्ट होती. मीही तिला आठवण करून दिली नाही.

पहिल्या दिवशी चोवीस जणी हजर झाल्या. बहुतेक नव्या. कुणी मजूर पुरवणाऱ्याकडून आलेल्या, कुणी पहिल्यांदाच मॉप धरणाऱ्या. नऊ वाजले तेव्हा बारापैकी तीन मजले झाले होते. व्यवस्थापकाने सगळ्यांना तळमजल्यावर उभं केलं आणि माझ्यादेखत झापलं. करारात दोन तास पन्नास मिनिटं लिहिलीत, उद्यापासून उशीर झाला की पगार कापणार.

"लिहायला काय जातंय?" एक जाड चष्म्याची बाई उसळली. "केलंय कधी कुणी? नाव सांगा त्या बाईचं! अशी कोण मेली आहे जी दोघींत मजला उरकते? माझ्यासमोर आणा, तिचं तोंड बघायचंय मला."

"आमच्या पोटावर पाय देऊन गेली सटवी," मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या, चिडून हसतात तशा.

ताई दुसऱ्या रांगेत होती. तिचा एक हात खांबावर होता. माझ्याकडे तिने एकदाच बघितलं, आणि त्या बघण्यात विनंती होती. मला ती वाचता आली. चाळीस वर्षं मी त्या बाईचं तोंड वाचत आलोय.

पण व्यवस्थापक माझ्याकडे बघत होता, चष्मेवाली माझ्याकडे बघत होती, आणि उद्या चोवीसातल्या दहा जणी आल्या नसत्या तर माझं कंत्राट पहिल्याच आठवड्यात गेलं असतं. मला पुरावा हवा होता, आणि पुरावा तिथेच उभा होता.

"लांब कशाला जाताय?" मी म्हणालो आणि ताईकडे बोट केलं. "हीच ती. छप्पन्न वर्षांची आहे. माझी सख्खी बहीण. तिला जमतं, आणि तुम्हा तरण्याताठ्या बायांना काय धाड भरलीय?"

तेवीस तोंडं तिच्याकडे वळली. चष्मेवालीने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सावकाश म्हणाली, "अस्सं. मालकाची बहीण." तेवढं तिला पुरलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी आल्या.

त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं, की ही बाई नजर ठेवायला आपल्यात सोडलीय. ती आली की बोलणं बंद. तिने डबा उघडला की बाकीच्या उठून दुसऱ्या कोपऱ्यात. तिच्या मजल्यावरची जोडीदारीण आपला अर्धा भाग झाला की निघून जायची. म्हणायची, "तुम्हाला काय, तुम्ही एकट्यासुद्धा कराल." एकदा तिच्या बादलीत कुणीतरी वंगण ओतलं. साबणाचा हात दिल्यावर सगळा मजला तेलकट झाला, आणि तिने तो पुन्हा पहिल्यापासून पुसला. मुकादमाच्या वाट्याला येतात त्या सगळ्या शिव्या तिच्या वाट्याला आल्या, फक्त खुर्ची आली नाही. हे सगळं मला व्यवस्थापकाकडून कळायचं. त्याला यात मजा वाटायची. तो म्हणायचा, बायांमध्ये चांगली चुरस लागलीय.

महिन्याभराने ती घरी आली. बायकोने पाणी दिलं आणि विचारलं, "वन्सं, पाय कसे आहेत?" ताई म्हणाली, "आहेत." मग बायको आत जाईपर्यंत ती थांबली.

"एक मागू?" ती मला म्हणाली.

मनातल्या मनात मी आकडे लावायला लागलो. खुर्ची मागितली तर एक पगार. जोडीला तिसरी बाई मागितली तर एक पगार. सुट्टी मागितली तर बदली बाईचे रोजचे पैसे, शिवाय व्यवस्थापकाची कटकट.

"माग की," मी म्हणालो.

"तिथं आलास की माझ्याशी बोलू नकोस. ताई म्हणून हाक मारू नकोस. ओळख दाखवू नकोस, बस."

माझा जीव भांड्यात पडला. हे मी लगेच मान्य केलं. त्याला खर्च काहीच नव्हता.